प्रोटॉनचं वजन आणि माझा अंगठा

बाळू,

तू मेलास त्या दिवशी मी जेवलो. पोटभर जेवलो. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली होती, ती मी खाल्ली. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुझ्या स्मरणिकेत सगळे लिहिणार की त्या दिवशी घशाखाली घास उतरला नाही. माझ्या उतरला. मंगल ताट सारून बसलेली, तिला म्हटलं, "तो गेला त्यात भाकरीचा काय गुन्हा?" तर तुझी वहिनी माझ्याकडं अशी बघत राहिली, जसा काय मीच तुला मारलाय.

तुझी सविता आली होती. म्हणाली, बाबांच्या आठवणींचं पुस्तक काढतोय, तात्या, तुम्हीपण लिहा. मी म्हटलं, "मी चौथी शिकलेला माणूस. तुझ्या बापाच्या प्रोफेसर लोकांत माझं काय काम?" म्हणते, "काहीही लिहा. फक्त ते भांडण नको."

मग भांडणच लिहितो. तुझ्या-माझ्यात दुसरं होतं काय?

बाकीचे लिहितील तू किती पोरं शिकवलीस, किती व्याख्यानं दिलीस, सायकलवरनं कॉलेजला कसा जायचास. लिहू देत. मला एवढंच ठाऊक आहे की तू आयुष्यभर एका असल्या वस्तूच्या मागं लागलास, जी दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि तिच्यापायी भर हॉलमध्ये माझी अब्रू घालवलीस. प्रोटॉन. हा शब्द मी आता झोपेतसुद्धा बरोबर म्हणतो, एवढा तू तो माझ्या डोक्यात हाणलायस.

तू कॉलेजात शिकत होतास तेव्हा मी गुळाच्या बाजारात मापाडी होतो. मापाडी म्हणजे वजन करणारा, हे पुस्तक वाचणाऱ्या शहाण्यांसाठी सांगतो. शेतकऱ्याचा गूळ गाडीतनं उतरला की त्याचे रवे, म्हणजे ढेपा, काट्यावर चढवायच्या आणि वजन मोठ्यानं म्हणायचं. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला अडत्या, म्हणजे दलाल, मधे मी. दोघांचाही मापाड्यावर विश्वास नसतो आणि दोघांनाही त्याचं ऐकावं लागतं. काट्याच्या फळीला पायाचा अंगठा नुसता टेकवला तरी वजन इकडचं तिकडं होतं. बाजारात सगळ्यांना ही खोड माहीत. म्हणून मी पहिल्या दिवसापासून वहाणा काढून, फळीपासून हातभर मागं, पाय जोडून उभा राहायचो. हात पाठीमागं. पावसाळ्यात चिखल असू दे नाहीतर मे महिन्यात फरशी तापू दे. राधानगरीकडची माणसं म्हणायची, तात्याच्या काट्यावर लावा, मग चहाला गेलं तरी चालतंय. माझ्याकडं तुझ्यासारखी पदवी नव्हती. माझ्याकडं माझे दोन पाय होते, ते सगळ्यांना दिसत होते, एवढंच.

तर तू एकदा जेवताना म्हणालास, "तात्या, हा गूळ कशाचा झालाय सांग."

"उसाचा."

"त्याच्या आत?"

"साखर."

"त्याच्या आत?"

"माझं डोस्कं. जेव गप."

तू गप बसलास तर तू कसला. सांगितलंसच. गुळाच्या आत अणू, अणूच्या मधोमध एक घट्ट गाठ, त्या गाठीत प्रोटॉन, आणि प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क. दोन एका जातीचे, एक दुसऱ्या जातीचा.

"तू बघितलास?"

"कुणीच बघितला न्हाय."

"मग तीनच कशावरनं? चार का न्हाईत?"

तू ताटात बोट फिरवत म्हणालास, सौद्याला व्यापारी रव्यात टोचा मारून आतली कणी बघतो की नाही, तसं. वाऱ्याच्या कितीतरी पट वेगानं इलेक्ट्रॉन आत मारायचे आणि ते कसे उलटून येतात त्यावरनं ठरवायचं, आत टणक काय आहे आणि कुठं आहे.

हे मला पटलं होतं. पटलं म्हणून मी बोललो नाही. नाही पटलं की ओरडायचं आणि पटलं की गप बसायचं, ही माझी रीत तुला लहानपणापासून माहीत. तू गालातल्या गालात हसलास आणि आणखी एक भाकरी मागितलीस. ते हसणं मला चाललं. घरातलं होतं.

दुसऱ्या एका दिवशी तू सांगितलंस की त्या तिघांतला एकटा क्वार्क बाहेर काढता येत नाही. त्यांना बांधून ठेवणारं कायतरी असतं, ग्लुऑन म्हणायचास, डिंकासारखं. जवळ असले की सैल, लांब ओढायला गेलं की ताण येतो, आणि खूपच ओढलं तर त्या ओढण्याच्याच जोरातनं नवीन क्वार्कांची जोडी तयार होते. बाहेर काढायला गेलास एक, आणि हातात आले दोन चिकटलेले.

मी म्हटलं, "म्हंजे आमची भावकी. एकाला बाजूला काढायला जावं तर त्याच्या बाजूनं आणखी दोन उभी ऱ्हात्यात."

तू हसता हसता ठसका लागून लाल झालास. "तात्या, तू प्रोफेसर व्हायला पाहिजे होतास."

"आणि तू मापाडी झाला असतास तर बाजार बुडाला असता."

ते दिवस बरे होते. तेवढे बरे होते, हे लिहून ठेवतो. नंतर तू माझ्या डोक्यावर उभा राहून उंच झालास आणि मग खाली बघायला लागलास.

आणखी एक भांडण आठवतं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणालास, प्रोटॉन मरत नाही. जग झालं तेव्हापासूनचे आहेत, ते तसेच आहेत. मरतो का हे बघायला म्हणून परदेशात जमिनीखाली मोठमोठ्या टाक्या पाण्यानं भरून माणसं वर्षानुवर्षं बसलीत. अजून एकही मेलेला दिसलेला नाही.

"म्हंजे आख्खी जिंदगी टाकीपुढं बसायचं, मरणाची वाट बघायची, ते येत न्हाय, आणि त्याचा पगार घ्यायचा?"

"व्हय की."

"आमच्या बाजारात असल्याला हाकलून देत्यात."

तेव्हा तू जे बोललास ते मला लागलं. म्हणालास, "तुम्ही न्हाई का नदीवर कावळ्याची वाट बघत बसत? तो येत न्हाय तर घरादाराला वचनं द्यायला लावता. तेवढीच अंधश्रद्धा समजा आमची." मी ताट ढकलून उठलो होतो. आईला कावळा शिवायला उशीर झाला होता, तेव्हा मी काय वचन दिलं होतं ते तुला ठाऊक होतं. तुला शिकवीन, हे दिलं होतं. कावळा लगेच शिवला. त्या कावळ्यावर तू शिकलास, बाळू, आणि शिकून त्या कावळ्यालाच हसलास.

आता हॉलचं.

तू रिटायर झाल्यावर गावोगाव व्याख्यानं देत फिरायला लागलास. त्या वर्षी आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीनं तुला बोलावलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, तेल लावलेल्या वहाणा. माझा भाऊ बोलणार म्हणून गुळाच्या बाजारातली माणसं मीच गोळा करून आणली होती, हे विसरू नकोस. अर्धा हॉल माझा होता.

तू म्हणालास, "प्रोटॉनचं वजन शंभर धरा. आतल्या तिन्ही क्वार्कांचं वजन केलं तर भरतं जेमतेम एक. मग नव्व्याण्णव आलं कुठून?" आणि लोकांना कळावं म्हणून माझ्याकडं हात केलास. "हे माझे थोरले बंधू. हयात गुळाचं वजन करण्यात गेली. समजा यांनी तुम्हाला शंभर किलो गूळ मोजून दिला. घरी नेऊन बघितलं तर आत गूळ फक्त एक किलो. मग नव्व्याण्णव किलो वजन कशाचं?"

मागनं आप्पासो ओरडला, "तात्याच्या अंगठ्याचं!"

आप्पासोला सगळे ओळखतात. अडत्या, तुझा-माझा दोघांचा मित्र, जीभ सैल. सगळा हॉल खदखदला. आणि सगळ्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तिथंच चुकलं. पाय चोरच ओढतो.

पण आप्पासोचं सोड. बाजारात असल्या मस्कऱ्या रोज चालतात, आपणही दोन शिव्या घालतो आणि चहा पितो. मी तुझ्याकडं बघितलं. म्हटलं, आता हा बोलंल. नुसतं म्हणंल की आप्पासाहेब, माझ्या भावाच्या काट्याला नाव ठेवायचं काम नाही. एवढं एक वाक्य. तू हसलास. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. पण तुझ्या तोंडापुढं माईक होता. माईकनं ते पार गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं.

पुढं तू उत्तर सांगितलंस म्हणे. टाळ्या पडल्या. मी ऐकलं नाही. मला त्यानंतर फक्त माझे पाय दिसत होते.

काम मी सोडलेलंच होतं, पण सकाळी अडत दुकानाच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो. दुसऱ्या दिवशी गेलो तर एकानं आधी माझ्या पायाकडं बघितलं आणि मग नमस्कार केला. परत त्या बाजारात गेलो नाही. तुझ्याशी बोलणंही त्याच दिवशी बंद केलं.

तू येत राहिलास. कुणी म्हणंल मोठ्या मनाचा. मी म्हणतो, निगरगट्ट. पाडव्याला पेढे घेऊन यायचास, माझ्यासमोर बसायचास, आणि मी तुझ्याशी बोलणार नाही म्हणून बोलणं मंगलच्या मार्फत व्हायचं.

"वहिनी, तात्याला सांगा, ते उरलेलं वजन खरं असतं. कुणी चोरलेलं नसतं."

"मंगल, त्याला सांग, माल नसताना काट्यावर वजन दिसलं तर त्याला आमच्यात चोरीच म्हणत्यात."

"वहिनी, सांगा, ते तिघं आत जीव खाऊन पळत असतात. उजेडाच्या वेगाला जाऊन टेकतात. त्या पळण्याला वजन असतं. एकमेकाला धरून ठेवण्यालाबी वजन असतं. वस्तू कमी आणि धडपड जास्त."

"मंगल, सांग त्याला, पळण्याला वजन असतं तर तो आत्तापतोर हत्तीएवढा झाला असता. गल्लोगल्ली बोंबलत फिरतोय."

मंगल चुलीपुढनं ओरडली, "मी काय टेलिफोन हाय व्हय? मरा दोघंबी तिकडं! चहात साखर टाकू का गूळ, तेवढं बोला."

"गूळ," आपण दोघं एकदमच म्हणालो. त्या वर्षातलं आपलं तेवढंच बोलणं.

क्वार्क सांगितलेस, ग्लुऑन सांगितलेस. प्रोटॉनच्या पोटात क्षणाक्षणाला जोड्या जन्मतात आणि मरतात, आत नुसती खळबळ असते, तेही सांगितलंस. फक्त एक सांगितलं नाहीस, की तात्या, मी हसायला नको होतं. मंगलच्या तोंडनं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी प्रत्येक पाडव्याला त्या एका वाक्यासाठी चहा थंड करत बसायचो. तुझ्या त्या टाकीपुढं बसणाऱ्यांसारखा.

मग तू आजारी पडलास. मी दवाखान्यात आलो ते मंगलनं ढकललं म्हणून. खाटेवर तुला बघितलं आणि मापाड्याची सवय, नजरेनंच तोललं. पहिल्यांदा तुझ्याशी थेट बोललो ते हे, "पंचेचाळीस किलो भरशील."

तुझी बायको शालन रडत बाहेर गेली. तुला मात्र आवडलं. डोळे चमकले. म्हणालास, "तात्या, पंचेचाळीसातलं क्वार्कांचं वजन किती असंल सांग. अर्धा किलोबी न्हाय."

"आणि बाकीचं?"

"धडपड. धरून ठेवणं."

मी गप बसलो. खिडकीबाहेर एक रिक्षावाला दुसऱ्याला आईबहिणीवरनं शिव्या घालत होता, ते ऐकत बसलो.

"गप बसलास?" तू म्हणालास. तुला माहीत होतं त्याचा अर्थ काय. म्हणून तर तू उशीवरनं डोकं उचललंस आणि सुरू केलंस, "तात्या, त्या दिवशी तालमीच्या हॉलमध्ये मी..."

"पाणी पी," मी म्हटलं आणि भांडं तुझ्या तोंडाला लावलं.

इथं लोकांना वाटंल मला आता पस्तावा होत असंल. नाही होत. धडधाकट होतास, दोन पायांवर चालत माझ्या दारात येत होतास, तेव्हा ते वाक्य तोंडात दाबून बसलास. आणि आता हातात सुई, नाकात नळी, म्हणून सोडतोस? मरणाऱ्यानं म्हटलं की ऐकणाऱ्याला माफ करावंच लागतं. ते वजन खरं नसतं. म्हणून मी ते तुझ्या घशात परत घातलं, पाण्याबरोबर. तू प्यालास. थोडं हनुवटीवर सांडलं, ते मी माझ्या टोपीनं पुसलं. तेवढं मात्र मी केलं.

जाताना दारात होतो तेव्हा तू शालनला म्हणालास, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "माझ्यामागं कावळा-बिवळा काय नको. तात्याला बजावून सांग." शेवटचे शब्द माझ्यासाठी ठेवलेस, आणि तेही असले.

म्हणून मी कावळा केला.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जन. थोरला मी, त्यामुळं शब्द माझा. सविता आडवी आली, तुझ्यासारखीच मान ताठ. "तात्या, बाबांना हे नको होतं."

"आता त्याला कोण विचारतंय?" मी म्हटलं.

पोरीचं तोंड पडलं. पडू दे. मला तू हरायला हवा होतास. एकदा, सगळ्यांच्या देखत, जसा मी हरलो होतो तसा. हॉलमधले निम्मे लोक त्या दिवशी नदीवर होते. म्हटलं, कावळा झडप घालून येऊ दे, आणि बघू देत सगळे, की प्रोफेसरसाहेबांचा जीव शेवटी एका कावळ्यात अडकला होता.

राख गोळा केली. अस्थींचं गाडगं मी हातात घेतलं, दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पान मांडलं. दहीभात, कांदाभजी, वर गुळाचा खडा. तो मी माझ्या खिशातनं आणला होता. सगळे मागं सरकून उभे राहिले.

कावळा होता. शेडच्या पत्र्यावर बसला होता, चांगला काळाभोर, गुटगुटीत. मान वाकडी करून पानाकडं बघायचा आणि नदीकडं तोंड फिरवायचा. ऊन चढलं. एक कुत्रं आलं, त्याला हाकललं. कावळा हलायला तयार नाही.

मग सुरू झालं. शालन पुढं होऊन म्हणाली, "अहो, मी एकटी ऱ्हाणार न्हाय, सविताकडं जाईन. काळजी करू नका." नाही आला. सविता हात बांधून लांब उभी होती, तीसुद्धा शेवटी जवळ गेली. हळूच म्हणाली, "बाबा, तुमची व्याख्यानं मी पुढं चालवते." विज्ञान शिकलेली पोरगी कावळ्याशी बोलली आणि कावळ्यानं तिच्याकडं पाठ केली. मला हसू आलं, मी ते गिळलं. मला गिळता येतं, बाळू.

मग आप्पासो माझ्याजवळ आला. "तात्या, तुमच्यावर अडलंय. म्हणा की एकदा."

"काय म्हणू?"

"की बाळू, तुझं खरं. ते प्रोटॉनचं."

"मला माहीत नसताना कसं म्हणू?"

"मग हॉलमधलं तरी सोडून द्या."

"ते तुम्ही बोललासा. तुम्ही सोडा."

आप्पासोचं तोंड उतरलं. पिकल्या मिशीचा, सुटलेल्या पोटाचा माणूस, पानापुढं जाऊन हात जोडून उभा राहिला. "बाळासाहेब, अंगठ्याचं मी बोललो होतो. मस्करी होती. तात्याचा काटा सोन्याचा होता. सगळ्यांच्या देखत सांगतो." मी किती वर्षं ज्या वाक्याची वाट बघत होतो, ते आलं, पण दुसऱ्याच्याच तोंडनं आलं. कावळ्यानं पंख झाडले आणि तिथंच बसला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या पायाकडं नव्हे, तोंडाकडं. आणि तेव्हा ते गाडगं माझ्या हातात जड व्हायला लागलं. हातात घेतलं तेव्हा मी तोललेलं होतं, दोन किलोच्या आतलं. माझा हात चुकत नाही. पण उभा राहता राहता ते रव्याएवढं झालं, मग दोन रव्यांएवढं. तूच आत होतास, आणि तू कितीसा उरला होतास? माल तेवढाच आणि वजन वाढत चाललेलं. खूश होऊ नकोस. हात म्हातारा झालाय, भरून आला असंल. मी काही बोललो नाही. लोकांना वाटलं हट्ट. तुला कळलं असतं की मी गप का बसलो.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पानाला लावला. झालं, चला म्हणाले, आणि मागं वळून बघू नका. सगळे पाय धुवायला नळाकडं निघाले. माझी चाल मंद, मी शेवटी.

रीत मोडायची नाही म्हणून मी हयातभर दुसऱ्यांना दटावलंय. त्या दिवशी मी मागं वळून बघितलं.

कावळा पानावर होता. दहीभाताला शिवला नाही, भजी बाजूला सारली. गुळाचा खडा चोचीत धरला, माझ्याकडं बघितलं आणि गेला. पार नदीपलीकडं.

हाक मारायची होती. नुसतं "आला!" म्हटलं असतं तर सगळे वळले असते. तू हरला असतास, तिथल्या तिथं, अर्ध्या हॉलच्या देखत. एवढ्यासाठी तर मी सगळा घाट घातला होता. तोंड उघडलंसुद्धा.

नळापाशी आप्पासो सगळ्यांना सांगत होता, "बघितलासा? न्हाय म्हंजे न्हाय आला. बाळासाहेबांनी आपला शब्द खरा केला." आणि सविता हसली. तीन दिवस रडून सुजलेल्या तोंडानं हसली. म्हणाली, "बाबाच जिंकले."

मग तिनं मला मागं रेंगाळलेला बघितलं. "तात्या, काय झालं?"

"काय न्हाय," मी म्हटलं. "चल."

हॉलमध्ये तुला एक वाक्य बोलायचं होतं, तू हसलास. नदीवर मला एक शब्द बोलायचा होता, मी गप बसलो. पण या गप बसण्याचा अर्थ पटलं असा लावू नकोस. कावळा आला होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गावात सगळे म्हणतात आला नाही, आणि ते वजन खोटं आहे. हयातभर काट्यापासून हातभर मागं उभा राहिलेला माणूस मी. एकदाच फळीवर अंगठा टेकवला, तो तुझ्या बाजूनं.

इतके दिवस दाबून धरला होता. आता हे पुस्तकात छापून येईल, सविता वाचेल, आप्पासो वाचेल. हा उचलला बघ.

आता हस. माईक लावून हस.

— तात्या